सेफानियाचं उखळ

कांगोमा गावात उजाडलं की आधी मुसळांचा आवाज येतो, मग बाकीचं सगळं. त्या दिवशी बायकांनी कांडायला नुकती सुरुवात केली होती, तेवढ्यात सेफानिया गेला. लेफिनाने नवऱ्याच्या छातीवर हात ठेवून थोडा वेळ वाट पाहिली. मग नाकापाशी बोट धरलं. बाहेर लेक एमेलिया मका कांडत होती. लेफिनाने तिला हाक मारली नाही, नुसती दारात जाऊन उभी राहिली. एमेलियाने आईच्या तोंडाकडे बघितलं, मुसळ भिंतीला टेकवलं आणि अंगणातलं उखळ आडवं पाडलं.

गावात कुणी गेलं की माती देईपर्यंत कांडायचं नाही. शेजारणीने आडवं उखळ बघून आपलंही आडवं केलं. तिचं बघून तिच्या पलीकडचीने. असा तो आवाज वरच्या वाडीपासून खालपर्यंत बंद होत गेला. शेवटी नदीकडच्या एका बहिऱ्या म्हातारीचं मुसळ तेवढं चालू राहिलं. कुणीतरी जाऊन तिचा हात धरला. म्हातारीने खुणेने विचारलं, कोण? त्या बाईने म्हातारीच्याच उखळावर दोनदा थाप मारली. म्हातारी मटकन खाली बसली. कारण गावातली झाडून सगळी उखळं सेफानियाच्या हातची होती.

आत लेफिना पाणी तापवायला बसली. सेफानियाला आंघोळीला कढत पाणी लागायचं, आणि ते तो स्वतःच तापवायचा, आधी तिच्यासाठी आणि मग आपल्यासाठी. बेचाळीस वर्षांत हा क्रम त्याने मोडला नाही. गावातले पुरुष त्यावरून त्याची टिंगल करायचे. तो म्हणायचा, "चूल तर पेटलेलीच असते. तुमचं काय जळतंय?"

तो या गावात घरजावई म्हणून आला होता. या मुलखात तसंच असतं. नवरा बायकोच्या गावी येतो, तिथं घर बांधतो, तिथंच राबतो. मुलं बायकोच्या वंशाची आणि हुकूम बायकोच्या भावाचा. येताना नवऱ्याने एक कुऱ्हाड आणि एक चटई आणायची. पटलं नाही तर तेवढंच उचलून परत जायचं. लेफिनाचा थोरला भाऊ सादरेकी याने स्वतःची बायको मात्र इथं आणून ठेवली होती, तरी ही रीत त्याला फार प्रिय होती. भाकरीत मीठ घालावं तशी तो ती रोज वापरायचा. नांगरट उशिरा झाली, छपराला भोक पडलं, बैल दुसऱ्याच्या शेतात शिरला, की सादरेकी चार माणसांत विचारायचा, "काय जावईबुवा, कुऱ्हाड-चटई कुठं ठेवलीय ते आठवतंय ना?"

"आठवतंय की," सेफानिया म्हणायचा. "चटईवर तुमची बहीण झोपलीय. उठली की निघतो."

माणसं हसायची. सादरेकीला मात्र हसू यायचं नाही.

आधी सादरेकीचं शेत नांगरायचं, मग आपलं, आणि उन्हं कलली की झाडाखाली उखळाचं काम. गाठ नसलेला ओंडका निवडायचा, वाकसाने बाहेरून तासायचा, मग लांब दांड्याच्या पटाशीने आतून कोरत जायचं. अर्धं कोरून झालं की ते लाकूड नदीकाठच्या ओल्या वाळूत महिनाभर पुरून ठेवायचं, म्हणजे उन्हाळ्यात तडकत नाही. काढल्यावर पुन्हा कोरायचं. सेफानिया बोटाच्या पेराने ठोकून ऐकायचा. आवाज नाकातून आल्यासारखा वाटला की म्हणायचा, "अजून सर्दी आहे याला," आणि पुन्हा पटाशी घ्यायचा.

उखळ झालं की लेफिनाचं काम सुरू व्हायचं. कोऱ्या उखळात पहिला हात उखळ करणाऱ्याच्या बायकोचा. ज्या घरचं उखळ त्या घरी जायचं, ओला कोंडा घालून तीनदा कांडायचं, तिन्ही वेळा फेकून द्यायचं. लाकडाची कुसं निघून जातात. तोवर सेफानिया कुंपणाशी उभा राहून ऐकायचा, मान डोलवायचा, आणि मगच पैसे घ्यायचा. असं लेफिनाने शंभरावर घरी केलं होतं. तिच्या तळहातांत गेलेली कुसं तो दिव्याशी बसून सुईने काढायचा. बाभळीचा काटा काढताना पोरांवर ओरडतात तसं ती त्याच्यावर ओरडायची, आणि तो हात सोडायचा नाही.

फक्त एका घरी तिने पहिला हात दिला नव्हता. नदीपलीकडच्या म्पांडे गावात सेफानियाची थोरली बहीण डायलेसी राहायची. साऱ्या मुलखाला उखळं पुरवणाऱ्याच्या बहिणीकडे तडा गेलेलं, तारेने आवळलेलं जुनं उखळ होतं. त्याचं कारण लेफिनाला ठाऊक होतं. सून सासरच्या गावात उखळ मांडते ती तिथं राहायला आली म्हणूनच. पाहुणी म्हणून जाणारी उखळ मांडत नाही. सेफानियाने बहिणीला उखळ केलं असतं, तर पहिला हात द्यायला लेफिनाला जावं लागलं असतं. आणि एकदा तिथं मुसळ उचललं असतं, तर परत कुठल्या तोंडाने यायचं?

हे सगळं एका कोंबड्यावरून झालं होतं.

एमेलिया अंगावर पीत होती तेव्हाची गोष्ट. नवऱ्याला बायको आपल्या गावी न्यायची असेल, तर त्याने तिच्या भावाकडे जिवंत कोंबडा घेऊन जायचं. भाऊ तो तीन दिवस दारात बांधतो. परत दिला तर नाही, कापला तर हो. त्यात तोंडाने बोलायची कुणाला गरज पडत नाही. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर सेफानियाने कोंबडा नेला. तांबडा, शेपटीत दोन पांढरी पिसं, आणि डाव्या पायाचं एक बोट तुटलेलं. दुसऱ्या दिवशी सादरेकी बाजारात गेला आणि त्याच्या घरी त्याच्या सासरची चार माणसं न सांगता आली. सादरेकीच्या बायकोला कोंबड्याचं कुणी सांगितलंच नव्हतं. तिने दारात बांधलेला दिसला तोच कापला. मदतीला गेलेली लेफिना पानात पडलेली तंगडी खाऊन मोकळी झाली आणि हात धुवायला मागे गेली, तेव्हा राखेत तिला ती पांढरी पिसं दिसली.

सादरेकी आला. त्याने कपाळावर हात मारला, बायकोला शिव्या घातल्या, आणि तिसऱ्या दिवशी कुठून तरी दुसरा तांबडा कोंबडा पैदा करून सेफानियाला परत केला. "आई थकलीय. लेफिनाला पाठवता येणार नाही, जावईबुवा."

सेफानियाने कोंबडा हातात घेतला. त्याचा डावा पाय उचलून बघितला. बोटं सगळी जागच्या जागी होती. मग त्याने लेफिनाकडे बघितलं. लेफिनाला आईला सोडून जायचं नव्हतं, हे गाव सोडायचं नव्हतं. तिने मान खाली घातली आणि चुलीवरचं पीठ ढवळत राहिली.

"बरं," सेफानिया म्हणाला. पुढे हा विषय त्याने कधीही काढला नाही. कोंबडा मात्र त्याने खाल्ला नाही. तो त्यांच्या दारात म्हातारा होऊन मेला.

दुपारी पाऊस लागला. निरोप घेऊन सायकलवर गेलेला माणूस परत आला तेव्हा त्याच्यामागे डायलेसी आणि तिचा मुलगा डामसन होते, नखशिखांत भिजलेले. नदीला पाणी चढत होतं. पंचाहत्तरीची डायलेसी मुलाच्या खांद्याला धरून चालत आली होती. ती तडक आत गेली, भावाच्या पायाशी बसली आणि त्याचे तळपाय चोळायला लागली.

"गार पडलेत गं वहिनी," ती लेफिनाला म्हणाली. "लहानपणापासून याचे पाय असेच."

"वन्सं, ओलं बदला आधी."

"बदलते. याच्याजवळ बसू दे जरा."

दोघी बसल्या. दाराबाहेर छपराखाली पुरुष जमले. गावचा म्हातारा मुखिया मोडक्या खुर्चीवर, बाजूला सादरेकी, समोर डामसन. बोलणं भिंतीतून आत ऐकू येत होतं. कबर खणणारी माणसं फावडी घेऊन पावसात उभी होती, कारण कुठं खणायचं तेच अजून ठरलं नव्हतं.

"मामाला न्यायला आलोय," डामसन म्हणाला. "पाणी अजून चढायच्या आत निघायला हवं. घरजावई मेला की आपल्या आईच्या मातीत जातो. यात बोलायचं काय आहे?"

"काही नाही," मुखिया म्हणाला. "रीतच आहे."

रीत लेफिनालाही ठाऊक होती. पण गावाच्या माथ्यावरच्या टेकडीवर, झाडांच्या दाटीत जिथं तिच्या आईला माती दिली होती, तिथं आपल्या शेजारी सेफानिया असेल असं ती मनात धरून होती. बेचाळीस वर्षं एका चटईवर झोपल्यावर वेगळ्या गावांत पडून राहायचं, हे तिला सोसवेना. पण बायकोला बैठकीत बोलता येत नाही. तिच्या वतीने भावाने बोलायचं. आणि भाऊ म्हणजे सादरेकी. त्याच्याकडून काय होणार?

मग सादरेकी खाकरला.

"मुखियासाहेब, मी जरा वेगळं बोलतो," तो म्हणाला. "सकाळी मी वरपासून खालपर्यंत चालत आलो. प्रत्येक अंगणात उखळ आडवं पडलेलं. माझ्या बापाच्या मयताला खालच्या वाडीत कांडत होते, मी कानांनी ऐकलंय. आज एक मुसळ वाजत नव्हतं. या माणसाला मी जन्मभर परका म्हणलं. माझं शेत त्याने नांगरलं, माझ्या आईला त्याने पाठीवर दवाखान्यात नेलं. मी कुठं होतो? बाजारात." तो थांबला. "त्याला आमच्या टेकडीवर जागा द्या. माझ्या आईच्या पायाशी. मी मागतोय."

लेफिनाने तोंडात पदर कोंबला. तिला रडू आलं आणि हसूही आलं. या माणसाने हे त्याच्या जिवंतपणी एकदा तरी म्हणायचं होतं! पण मागत होता, ते मिळणार होतं. मुखिया हुं म्हणाला. फावडी घेतलेली माणसं टेकडीकडे बघू लागली.

डामसन तडकला. "हे बरं आहे! जिवंतपणी राबवून घेतलात, आता मेलेलाही तुमचाच?"

"डामसन, गप." आतून डायलेसी म्हणाली. ती गुडघ्यावर हात टेकत उठली आणि दारात जाऊन उभी राहिली. "भांडू नका. तो इथंच सुखी होता. दर सुगीला यायचा तेव्हा इथलंच बोलायचा. लेफिनाने असं केलं, लेफिना तसं म्हणाली. राहू दे त्याला." तिने नाक पुसलं. "मला त्याची कुऱ्हाड आणि चटई द्या. तेवढं घेऊन मी जाते. आईच्या शेजारी पुरीन. काहीतरी परत आलं पाहिजे ना माणसाचं."

एमेलिया कुऱ्हाड आणायला मागे गेली. तिच्या मागोमाग लेफिनाही गेली. झाडाखाली, गवताच्या पेंढ्यांनी झाकलेला एक ओंडका उभा होता. आजारी पडायच्या आधी सेफानिया हेच उखळ कोरत होता. कुणासाठी, असं तिने दोनदा विचारलं होतं. तो म्हणाला होता, "बघू." लेफिनाने पेंढा बाजूला सारला. आत जेमतेम वीतभर कोरलं होतं. वाळू अजून कडेला चिकटलेली होती. म्हणजे एवढ्यात वाळूतून काढून आणलं होतं, अंगात ताप असताना. बाजारासाठी तो असली घाई कधी करत नसे, आणि त्याच्या हातचं उखळ नसलेलं एकच घर लेफिनाला ठाऊक होतं.

एमेलियाने कुऱ्हाड उचलली, चटई गुंडाळून काखेत मारली. पटलं नाही म्हणून हाकलून दिलेल्या जावयाची निघायची तयारी असते, हुबेहूब तशी ती दिसली. लेफिनाला ते बघवेना. तिने लेकीच्या हातून दोन्ही वस्तू घेतल्या आणि बैठकीत जाऊन उभी राहिली.

"लेफिना, आत जा," सादरेकी हळू आवाजात म्हणाला. "झालंय तुझ्या मनासारखं."

"दादा, तो कोंबडा कापला होता."

पावसाचा जोर तेवढ्यात कमी झाला होता, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"कुठला कोंबडा?" मुखियाने विचारलं.

"यांनी मला न्यायला दिलेला. कापला, शिजवला, मी त्याची तंगडी खाल्ली. मग दादाने दुसराच आणून परत दिला. यांनी पाय बघितला त्याचा. यांना कळलं. मला ठाऊक आहे हेही यांना कळलं." तिने हातातली चटई आवळून धरली. "मी तेहेतीस वर्षं बोलले नाही. मला जायचं नव्हतं. आणि हा माणूस रोज सकाळी माझं पाणी तापवत राहिला."

डायलेसीने दाराची चौकट धरली. तिने हे पहिल्यांदाच ऐकलं होतं. भावाने बहिणीलाही सांगितलं नव्हतं.

सादरेकी नाही म्हणाला असता तरी चाललं असतं. कोंबडा कापणारी त्याची बायको केव्हाच गेली होती, सेफानिया गेला होता, उरली फक्त बहीण. त्याने मुखियाकडे बघितलं, डामसनकडे बघितलं, पावसात उभ्या असलेल्या माणसांकडे बघितलं. मग मान खाली घालून म्हणाला, "तांबडा होता. शेपटीत दोन पिसं पांढरी. डाव्या पायाचं बोट तुटलेलं."

मुखियाने खुर्चीचा हात दोनदा चाचपला.

"मग तुझा होकार झालेला आहे, सादरेकी."

"झालेला आहे."

"तो त्याला सांगितला पाहिजे."

सादरेकी उठला. चपला काढून घरात गेला आणि चादरीत गुंडाळलेल्या सेफानियासमोर उभा राहिला. जन्मभर जावईबुवाशिवाय दुसरी हाक न मारलेला तो माणूस अडखळत म्हणाला, "सेफानिया. घेऊन जा तिला. तुझा कोंबडा आमचा खाऊन झालाय." आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

तासाभरात बैलगाडी जुंपली. मागे मयत, पुढे ते अर्धवट उखळ, दोन्ही एकाच दोराने बांधलेलं. अर्धं गाव चालत निघालं. नदीत पाणी कमरेच्या वर होतं, तेव्हा सहा जणांनी सेफानियाला खांद्यावर घेतलं आणि चौघांनी उखळ. सादरेकी कुऱ्हाड आणि चटई डोक्यावर धरून पाण्यातून गेला. दोनदा घसरला, पण कुणाच्या हातात त्या दिल्या नाहीत. म्पांडेच्या माथ्यावर, आईच्या डाव्या बाजूला सेफानियाला माती दिली तेव्हा दिवस मावळायला आला होता.

दुसऱ्या दिवशी उघाड होती. कांगोमाची माणसं परत निघाली. सादरेकी कुंपणापाशी घुटमळला.

"येशील ना गं परत?" त्याने विचारलं.

"महिना जाऊ दे. मग बघू," लेफिना म्हणाली. "कोंबड्याचं मांस मला सासरी पचू दे आधी." तो कसनुसा हसला आणि गेला.

लेफिनाने डायलेसीच्या अंगणात जागा झाडली. डामसनने ते अर्धवट उखळ उभं करून दिलं. तारेने आवळलेलं जुनं उखळ बाजूला पडलं होतं, ते डायलेसीने कोंबड्यांच्या पाण्यासाठी ठेवलं. लेफिनाने ओला कोंडा घातला आणि मुसळ उचललं. उखळ फारच उथळ होतं. पहिल्याच घावाला कोंडा दोघींच्या अंगावर उडाला.

"उडतोय गं," डायलेसी म्हणाली.

"वीतभरच झालंय कोरून. राहिलंय त्याचं."

"उडू दे. तू कांड."

तीनदा कांडलं, तीनदा फेकलं. तळहातात एक कूस गेलं. लेफिनाने सवयीने हात पुढे केला, मग मागे घेतला. डायलेसीने तो ओढून आपल्या मांडीवर घेतला, केसांतून पिन काढली आणि डोळे बारीक करून शोधायला लागली. कुंपणाशी उभं राहून ऐकणारं कुणी नव्हतं. म्हणून डायलेसीनेच वाकून बोटाच्या पेराने लाकडावर ठोकलं.

"सर्दी आहे याला अजून," ती म्हणाली. "तो असंच म्हणायचा का गं?"

"असंच," लेफिना म्हणाली, आणि मका ओतून पुन्हा कांडायला लागली. आवाज नवा होता. तो ऐकून पलीकडच्या घरातली तरणी बाई मूल कडेवर घेऊन कुंपणाशी आली. कालच्या गर्दीत तिने या म्हातारीला धड बघितलं नव्हतं.

"आजी, पाहुण्या आलात का?" तिने विचारलं.

"नाही गं बाई," मुसळ न थांबवता लेफिना म्हणाली. "राहायला आलेय, नवऱ्याच्या घरी. यायला जरा उशीर झाला."